टॉवरजवळ रेडिओ बहिरा का होतो?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न घेतले आहेत.)

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? एरवी मी हे सवयीने विचारतो, आज जरा जास्त आस्थेने विचारतोय. कारण आजचा विषयच ऐकू न येण्याचा आहे.

आधी माझी एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका धावण्याच्या स्पर्धेत आम्ही पाच-सहा हॅम मंडळी संपर्क सांभाळत होतो. दरीत मोबाईलची रेंज नव्हती, म्हणून प्रत्येक चौकीवर एक वॉकीटॉकीवाला. मी बेस. आता बेस कुठे लावायचा? उंची मिळाली की रेडिओ खूश, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. तेव्हा मी थेट माथ्यावर गेलो. तिथे प्रसारणाचा एक मोठा टॉवर होता. त्याच्या पायथ्याशी सावली छान पडली होती, बसायला कट्टा होता. मी तिथेच बस्तान मांडलं आणि स्वतःवर फार खूश झालो.

चौथ्या चौकीवर एक धावपटू उन्हाने कोसळला. तिथला आमचा मित्र मला हाका मारतोय, एकदा, दोनदा, दहादा. मला काही नाही. रेडिओ शांत. मी आपला दर पाच मिनिटांनी विचारतोय, "चौकी चार, रिपोर्ट द्या." आणि गंमत बघा, माझा आवाज त्याला प्रत्येक वेळी लख्ख ऐकू जात होता. तो उत्तर देत होता, मला ते मिळत नव्हतं. असा वीस मिनिटांचा खेळ झाला. शेवटी दुसऱ्या चौकीवरच्याने, जो माझ्या बराच जवळ होता, दोघांचं ऐकून निरोप पोचवला. धावपटू संध्याकाळपर्यंत ठीक होऊन घरी गेला. पण ती वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

स्पर्धा संपल्यावर मी तोच सेट, तीच बॅटरी, तोच अँटेना घेऊन दोनशे पावलं खाली उतरलो. मध्ये कातळाचा एक खांदा आला, टॉवर दिसेनासा झाला. आणि चौथी चौकी शेजारी बसून बोलावं तशी ऐकू यायला लागली. म्हणजे उंची कमी झाली आणि ऐकणं सुधारलं. आज आपल्याला एवढंच समजून घ्यायचंय, की हे का झालं. कारण एकदा ते कळलं की पुढचे उपाय आपोआप कळतात. आणि नवशिक्या माणूस अशा वेळी जे हमखास करतो, म्हणजे मोठा अँटेना लावतो, वर अॅम्प्लिफायर जोडतो, ते उलट का पडतं तेही कळतं.

थोडे आकडे घेऊ. घाबरू नका, गुणाकार-भागाकारापलीकडे आज जायचं नाहीये. समजा एक एफएम प्रसारण केंद्र १० किलोवॅट ताकदीने प्रक्षेपण करतंय आणि तुम्ही त्याच्यापासून १ किलोमीटरवर मोकळ्या जागेत साधा डायपोल अँटेना धरून उभे आहात. तुमच्या केबलमध्ये त्या एका केंद्राचा साधारण पाव व्होल्ट येतो. पाव व्होल्ट ऐकायला काहीच वाटत नाही. आता दुसरी बाजू बघा. आपल्याला जो कमजोर सिग्नल ऐकायचाय, दरीतल्या मित्राचा, तो चांगल्या रिसीव्हरला ०.२ मायक्रोव्होल्ट असला तरी पुरतो. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. या दोघांमधलं व्होल्टेजचं अंतर दहा लाख पटीच्याही वर जातं. शक्तीच्या भाषेत बोलायचं तर दोन लाख कोटी पटीच्या आसपास. रेडिओवाले एवढी शून्यं लिहायचा कंटाळा करतात, म्हणून ते म्हणतात १२० डेसिबलच्या वर. डेसिबलचा हिशोब सोपा आहे: १० डेसिबल म्हणजे शक्ती दहापट, २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट.

आता तुम्ही म्हणाल, असेना का. ते केंद्र ९८ मेगाहर्ट्झवर आहे, मी ऐकतोय १४५ मेगाहर्ट्झवर. रेडिओ म्हणजे निवड करणारं यंत्र ना? हवं ते घ्यायचं, नको ते सोडायचं.

बरोबर. पण निवड कुठे होते, हा प्रश्न आहे. दादर स्टेशनचा पूल डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला त्या गर्दीतून एकच माणूस हवाय, तुमचा मामा. मामाला तुम्ही ओळखणार ते पुलाच्या शेवटी, बाहेर पडायच्या दारात. पण पुलावरून सगळी गर्दी यायला हवी. पूल तुंबला तर मामा दारापर्यंत पोचणारच नाही, मग तुमची नजर कितीही तेज असो. रिसीव्हरमध्ये नेमकं हेच असतं. अँटेनानंतर पहिला अॅम्प्लिफायर, मग मिक्सर, आणि त्यानंतर कुठेतरी तो अरुंद फिल्टर, जो एकच चॅनेल निवडतो. पहिला अॅम्प्लिफायर सगळं जग बघतो. स्वस्त वॉकीटॉकीत आणि संगणकाला लावायच्या छोट्या डोंगलमध्ये त्याच्याआधी गाळणी जवळजवळ नसतेच, कारण एकाच यंत्राने खालपासून वरपर्यंत सगळं ऐकावं अशी आपलीच मागणी असते. जितकं जास्त ऐकणारं यंत्र, तितकं दार सताड उघडं.

त्या पहिल्या अॅम्प्लिफायरवर पाव व्होल्ट येऊन आदळला की दोन गोष्टी होतात. पहिली, तो दमतो. ट्रान्झिस्टर एका मर्यादेपर्यंतच सिग्नल वाढवू शकतो. मोठ्या सिग्नलने ती मर्यादा गाठली की लहान सिग्नलच्या वाट्याला काही उरत नाही. याला ब्लॉकिंग म्हणतात, किंवा डीसेन्स. माझ्या बाबतीत हे झालं होतं. यातली वाईट गोष्ट अशी की रेडिओ तक्रार करत नाही. खरखर नाही, शिट्टी नाही. फक्त शांतता. आणि शांतता ऐकून माणूस समजतो की कोणी बोलतच नाहीये.

डोंगलमध्ये यात आणखी एक भर पडते. ते लोकप्रिय डोंगल सिग्नल मोजतं आठ बिटमध्ये, म्हणजे एकूण २५६ पायऱ्या. त्यातून ढोबळमानाने ५० डेसिबलचा आवाका मिळतो. मोठा सिग्नल त्याच तुकड्यात आला की सगळ्या पायऱ्या त्यालाच लागतात, आणि बारीक सिग्नल पहिल्या पायरीच्याही खाली राहतो.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. दमलेला अॅम्प्लिफायर नुसता गप्प बसत नाही, तो अफवा पसरवायला लागतो. (हशा) खरंच. जे सिग्नल हवेत नाहीतच, ते तो तयार करतो. अॅम्प्लिफायर सरळमार्गी असेल तर आत आलेलं तेच मोठं होऊन बाहेर येतं. तो वाकडा झाला की आत आलेल्या दोन फ्रिक्वेन्सींची आपसात बेरीज-वजाबाकी होते. हे इंटरमॉड्युलेशन. आपला कानसुद्धा हे करतो बरं का. दोन स्वर मोठ्याने एकत्र वाजले की तिसराच खालचा स्वर ऐकू आल्यासारखा वाटतो. व्हायोलिनवादक तार्तिनी याने अठराव्या शतकात हे नोंदवलं होतं.

आता आपल्या ओळखीची केंद्रं घेऊन गणित करू. मुंबईत काय, पुण्यात काय, ९१.१ आणि ९८.३ या दोन एफएम केंद्रांची नावं इथल्या प्रत्येकाला पाठ आहेत. वजाबाकी करा. ७.२. बरोबर ७.२ मेगाहर्ट्झ. हॅम मंडळी हसायला लागली, कारण आपला चाळीस मीटरचा पट्टा ७.० ते ७.२ आहे. रोज सकाळी त्यावर गप्पा चालतात. आता हा ७.२ चा सिग्नल कुठल्याही टॉवरवरून निघत नाही. तो तुमच्या डोंगलच्या किंवा रेडिओच्या पोटात जन्मतो. शिवाय एफएम म्हणजे फ्रिक्वेन्सी जागेवर थांबतच नाही, आवाजाबरोबर ७५ किलोहर्ट्झपर्यंत इकडे-तिकडे झुलते. दोन्ही केंद्रं झुलणार, त्यामुळे वजाबाकी १५० किलोहर्ट्झपर्यंत झुलणार. म्हणजे खाली ७.०५ पर्यंत भूत फिरून येणार. तुम्हाला ऐकू काय येतं? गाणं नाही. सळसळ, फसफस, मधूनच चरचर. माणूस म्हणतो, आज बँड फार खराब आहे. बँड बिचारा ठीक असतो.

आणखी एक गणित. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुंबईत १०७.१ वरही केंद्र आहे. १०७.१ ची दुप्पट २१४.२, त्यातून ९१.१ वजा केले तर १२३.१. आता हा आकडा नीट बघा. विमानांचा बोलण्याचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. त्यात १२१.५ ही संकटाची फ्रिक्वेन्सी, आणि १२३.१ ही शोध आणि बचावकार्यासाठीची सहायक फ्रिक्वेन्सी. म्हणजे टॉवरच्या दोन मैलांत एखादा कच्चा रिसीव्हर मांडला, तर बचावकार्याच्या चॅनेलवर त्याला दोन रेडिओ जॉकी एकमेकांत मिसळून ऐकू येणार. विमानतळावरचे रिसीव्हर यासाठीच जाड गाळण्या लावून बनवलेले असतात. ते महाग का असतात, याचं अर्ध उत्तर इथे आहे.

मग खरा सिग्नल कोणता आणि भूत कोणतं, हे ओळखायचं कसं? यासाठी एक चाचणी आहे आणि आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. सिग्नल कमी करा. हो, कमी. अँटेना आणि रेडिओ यांच्यामध्ये १० डेसिबलचा अॅटेन्युएटर लावा. बऱ्याच मोठ्या रेडिओंवर त्याचं बटण असतंच. आता बघा काय होतं. खरा सिग्नल १० डेसिबलने उतरेल. ९८.३ वजा ९१.१ छापाचं भूत, ज्यात दोन सिग्नल एकेकदा गुणले गेलेत, ते २० डेसिबलने उतरेल. आणि दुप्पट-वजा-एक छापाचं, म्हणजे आपलं १२३.१ वालं, ते तब्बल ३० डेसिबलने उतरेल. का? कारण त्यात तीन जण गुंतलेत आणि तिघांनाही तुम्ही १०-१० ने कापलंत. भुताचं मरण त्याच्या जन्मातच आहे.

म्हणून होतं काय, की अॅटेन्युएटर लावला आणि गोंगाट नाहीसा होऊन मागून एक बारीक आवाज वर आला, असा अनुभव येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. कमी करून जास्त मिळालं. पण चमत्कार काही नाही. पुलावरची गर्दी दहापट कमी झाली, मामा वाट काढून आला.

अॅटेन्युएटर नसेल तरी अडत नाही. छतावरचा मोठा अँटेना काढा आणि सेटबरोबर आलेला छोटा रबरी अँटेना लावा. कमजोर स्टेशन आधीपेक्षा चांगलं ऐकू आलं, तर समजा की तुमचा रेडिओ ओझ्याखाली दबला होता. मोठ्या अँटेनाला दोष देऊ नका, त्याने त्याचं काम चोख केलं. जरा जास्तच चोख केलं.

आता या चाचणीच्या मर्यादाही सांगतो. कारण काही पाहुणे असे असतात की जे १० ला १० नेच उतरतात, खऱ्या सिग्नलसारखे, पण तिथले नसतात. एक म्हणजे प्रतिमा. जुने स्कॅनर १०.७ मेगाहर्ट्झच्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर चालायचे. असा स्कॅनर तुम्ही ११९.७ वर लावलात, तर तो आतमध्ये १०९.० तयार करतो आणि दोघांतला फरक १०.७ पकडतो. पण १०९.० आणि ९८.३ यांच्यातला फरकही १०.७ च आहे! रेडिओला वरचा १०.७ आणि खालचा १०.७ वेगळा ओळखता येत नाही, तो समोरच्या गाळणीने अडवायचा असतो. गाळणी कमजोर, की विमानाच्या जागी सिनेमाची गाणी. नव्या स्कॅनरमध्ये मधली फ्रिक्वेन्सी बरीच वर नेतात, त्यामुळे प्रतिमा लांब जाऊन पडते.

दुसरा पाहुणा डोंगलवाल्यांच्या ओळखीचा. शॉर्टवेव्ह ऐकण्यासाठी काही डोंगलमध्ये थेट नमुने घेण्याची सोय असते. सेकंदाला २.८८ कोटी नमुने, म्हणजे २८.८ मेगाहर्ट्झ. नमुने घेणाऱ्या यंत्राला २८.८ च्या पटी दिसत नाहीत, त्या वजा होऊन जातात. २८.८ ची तिप्पट ८६.४. ९३.५ मधून ८६.४ गेले, राहिले ७.१. चाळीस मीटरच्या अगदी मधोमध! (एक श्रोते: "म्हणून ते लाल रंगाचं स्टेशन येतं होय!") हो, नाव मी घेत नाही, पण तेच. आणि यात गंमत म्हणजे रुंद एफएमचा मोड लावला तर गाणं स्वच्छ ऐकू येतं. वजाबाकीच्या भुतात ते कधी स्वच्छ येत नाही. तेव्हा ७.१ वर गाणं स्वच्छ आलं तर अॅटेन्युएटरने भागणार नाही, गाळणीच लागेल.

तिसरा पाहुणा रेडिओच्या बाहेर जन्मतो. गंजलेला पत्रा, कुंपणाच्या तारांचा सैल सांधा, गच्चीवरचा जुना अँटेनाचा खांब. दोन धातूंमध्ये गंजाचा थर आला की तो कच्च्या डायोडसारखा वागतो, आणि टॉवरच्या इतक्या जवळ तोच बेरीज-वजाबाकी करून पुन्हा हवेत सोडतो. हा सिग्नल अँटेनावर येतो तेव्हा तो खराच असतो, त्यामुळे कुठलीही गाळणी काही करू शकत नाही. ओळखायची खूण म्हणजे तो वाऱ्याने, पावसाने बदलतो. पत्र्यावर काठी मारून बघा. पावसाळ्याची पहिली सर आली की नवीन गोंगाट सुरू होतो किंवा जुना थांबतो, हे पत्र्याच्या घरात राहणाऱ्या ऐकणाऱ्यांना चांगलं माहीत आहे.

उपायांकडे वळू. पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे जागा. अंतर दसपट झालं की मोकळ्या जागेत सिग्नल २० डेसिबलने उतरतो. पण मध्ये डोंगराचा खांदा आला, इमारत आली, तर दोनशे पावलांत तेवढं काम होतं. माझ्या कातळाने ते केलं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण. ती तिथे उभारताना ज्या गोष्टी पाहिल्या गेल्या, त्यात माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमी असणं ही एक मोठी गोष्ट होती. प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांसारखी जाणकार मंडळीही आधी जागा बघतात, मग यंत्र. आपण उलट करतो.

दुसरा उपाय, गेन कमी करणे. डोंगल वापरणारे गेन शेवटपर्यंत चढवून ठेवतात, जणू काही तो फॅनचा रेग्युलेटर आहे. असं करा: गेन शून्यापासून हळूहळू वाढवा. एका जागी स्क्रीनवरचा तळाचा गोंगाट किंचित उचलला जाईल. तिथे थांबा. त्याच्यापुढे सिग्नल आणि गोंगाट दोन्ही बरोबरीने वाढतात, हाती काही लागत नाही, आणि भुतांना आमंत्रण जातं.

तिसरा, गाळणी. ८८ ते १०८ अडवणारा एफएमचा तयार फिल्टर मिळतो, तो सर्वात सोपा. पण एकाच केंद्राने छळलं असेल तर घरी पन्नास सेंटिमीटर केबलमध्ये काम होतं, आणि हे करून बघण्यात जी मजा आहे ती विकतच्या डबीत नाही. ९८ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ३.०६ मीटर. तिचा पाव भाग ७६.५ सेंटिमीटर. आरजी-५८ सारख्या केबलमध्ये लहरीचा वेग हवेतल्या वेगाच्या ०.६६ पट असतो, म्हणून गुणा: साडेपन्नास सेंटिमीटरच्या आसपास. असा केबलचा तुकडा अँटेनाच्या वाटेवर टी-जोडणीने लावायचा आणि त्याचं दुसरं टोक मोकळं सोडायचं. मोकळंच. टोकाशी तार जोडू नका. पाव लांबीचा हा तुकडा त्या फ्रिक्वेन्सीला अगदी उलटं दाखवतो, मोकळं टोक तिला शॉर्टसर्किट वाटतं, आणि ते केंद्र तिथेच जमिनीत जातं. सुरुवातीला ५५ सेंटिमीटर ठेवा आणि ते केंद्र ऐकत ऐकत दोन-दोन मिलिमीटर कापत या. आवाज सर्वात पडला की थांबा. घाईत एक तुकडा जास्त कापाल, मग नवीन केबल. मी तीन घालवल्यात. १४५ मेगाहर्ट्झला याने साधारण १ डेसिबलचा तोटा होतो, जो अशा ठिकाणी कोणाला कळतसुद्धा नाही.

आणि शेवटचं, क्रम. अॅम्प्लिफायर लावायचाच असेल तर आधी गाळणी, मग अॅम्प्लिफायर. उलटं लावलंत तर अॅम्प्लिफायर स्वतःच दमणार, भुतं तिथेच तयार होणार, आणि नंतरची गाळणी ती भुतं प्रेमाने पुढे पाठवणार. कारण ती भुतं आता तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर आहेत, गाळणी त्यांना का अडवेल?

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आहे. एफएमचा फिल्टर चालेल का?

उत्तर: नाही, त्याची जागा वेगळी आहे. मोबाईलचे पट्टे बहुतेक ७०० मेगाहर्ट्झच्या वरचे. तुम्ही १४५ किंवा त्याखाली ऐकत असाल तर लो-पास फिल्टर लावा, म्हणजे वरचं सगळं अडेल. आणि जमल्यास अँटेना टॉवरच्या पट्ट्यांच्या सरळ समोर ठेवू नका, त्यांच्या मागे किंवा बरोबर खाली ठेवा. त्यांचा झोत समोर, लांबवर जातो. अगदी पायाशी तो त्या मानाने कमी असतो.

प्रश्न: मला दिवसभर सगळीकडे एकसारखी घरघर ऐकू येते. अॅटेन्युएटर लावला की घरघर आणि स्टेशन दोन्ही सारखेच उतरतात.

उत्तर: मग तो ओव्हरलोड नाही. तो खराखुरा गोंगाट आहे. दिवसभर म्हणालात, रात्री नसते ना? (श्रोते: "नसते.") मग शेजारी कोणाच्या गच्चीवर सोलर बसलंय का बघा. त्याचा इन्व्हर्टर, नाहीतर एलईडी दिव्यांचे आणि चार्जरचे पॉवर सप्लाय, हे नेहमीचे संशयित. बॅटरीवरचा छोटा रेडिओ हातात घेऊन जिन्याने फिरा, जिथे घरघर वाढेल तिथे उगम. पहिल्यांदा स्वतःच्या घराचा मेन स्विच बंद करून बघा, मग शेजाऱ्याकडे जा. बहुतेक वेळा शेजाऱ्याकडे जावंच लागत नाही.

प्रश्न: प्रसारण केंद्राविरुद्ध तक्रार करता येते का?

उत्तर: केंद्र जर त्याला दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर, दिलेल्या ताकदीने प्रक्षेपण करत असेल, तर त्याचं काही चुकलेलं नाही. तुमचा रिसीव्हर कच्चा आहे. कधीकधी खरंच प्रक्षेपकात बिघाड होतो आणि तो भलत्या जागी सिग्नल सोडतो. त्यासाठी दूरसंचार खात्याची वायरलेस मॉनिटरिंग यंत्रणा आहे. पण अर्ज लिहिण्याआधी अॅटेन्युएटरची चाचणी करा, दुसऱ्या जातीच्या रिसीव्हरवर तोच सिग्नल दिसतो का बघा, आणि टॉवरपासून पाच किलोमीटर लांब जाऊन पुन्हा बघा. तिन्हीकडे तो टिकला तर अर्ज करा, आणि हे तिन्ही निकाल अर्जात तारीख-वेळेसकट लिहा. नाहीतर त्यांचा माणूस चांगला रिसीव्हर घेऊन येईल, त्याला काही सापडणार नाही, आणि पुढच्या खऱ्या तक्रारीला तुमचं कोणी मनावर घेणार नाही.

प्रश्न: त्या स्पर्धेला आता बेस कुठे असतो?

उत्तर: टॉवरच्या उलट्या बाजूला, माथ्यापासून थोडं खाली. सावली नाही, कट्टा नाही, छत्री घेऊन बसावं लागतं. आणि नियम केलाय की धावपटू सुटायच्या आधी प्रत्येक चौकीने सर्वात कमी ताकदीवर बेसला हाक द्यायची. ती ऐकू आली तरच शिट्टी वाजते.